दाढ म्हणालो, दाढी नाही

दिघी, मे २०२०

तीर्थरूप मामांस,

जावई कुलदीपचा, साबणाने हात धुऊन आणि तोंडाला मास्क लावून केलेला साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आणि तुमचा खोकला दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. (नसला तरी चारचौघांत खोकू नका, दिवस वाईट आहेत.) फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून त्याचा फोटो तुमच्या शेजारच्या सोनूच्या मोबाईलवर पाठवतो आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्या नातीची, सायलीची, दाढ ठणकायला लागली. तनुजाने लवंग दिली, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, पण सकाळी पोरीचा गाल टम्म सुजलेला. आठ वर्षांची पोर, पण रडली नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि ते मला बघवेना. जवळचे दवाखाने सगळे बंद. शेवटी निगडीच्या डॉक्टर मिनल फोनवर सापडल्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर दाढ दाखवायला सांगितली. मी बॅटरी धरली, तनुजाने गाल ओढला, आणि डॉक्टरांना बराच वेळ माझं नाक दिसत होतं. तरी त्यांनी ओळखलं, की आत पू झाला आहे, दाढ दुधाची आहे, गोळ्या सुरू करून पोरीला लगेच घेऊन या. मी तिथल्या तिथे ठरवलं, निगडी म्हणजे काही लंका नाही, पोहोचायचंच.

वाटेत नाकाबंदी होती. आता चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. चाकणची आमची कंपनी बंद, सलून बंद, त्यामुळे माझी दाढी छातीकडे निघालेली. (मास्कमध्ये मावत नव्हती.) मास्क तनुजाने घरी शिवलेला, चांगला दुपदरी. हवालदारांनी विचारलं कुठे निघालात, मी म्हटलं दाढेसाठी. त्यातून त्यांना काय ऐकू आलं असेल ते तुम्हीच ओळखा. "लोकं जीव मुठीत धरून बसल्यात, आन तुला दाढी सुचतीय व्हय? वर पोरीला बी घेऊन निघालाय." मी समजवायला गेलो, तर त्यांनी काठीने घराची दिशा दाखवली. (फक्त दाखवली. तनुजा काही वेगळं सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका.)

घरी येऊन मी शांत डोक्याने विचार केला. दाढीच नसली तर दाढीचा संशय येणार कुठून? तनुजाची शिवणाची कात्री आणि एक जुनं ब्लेड घेऊन मी सगळी साफ केली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर तेच हवालदार. त्यांनी मला ओळखलं, मास्क खाली घ्यायला लावला आणि माझे गुळगुळीत गाल बघून एकदम गंभीर झाले. "केलीस न्हवं दाढी? आता दुकान कुठलं ते सांग."

मामा, मी हात टेकले, पण सायलीने नाही. ती गाडीवरून उतरली, मास्क काढून तिने आ केला आणि बोटाने दाढ दाखवली. हवालदार लांबूनच वाकून बघत राहिले. मग आवाज खाली आला. "आरं, दाढ व्हय. मग तसं सांगायचं न्हाई का, राव." आणि त्यांनी स्वतः बॅरिकेड बाजूला केलं.

दवाखान्यात मात्र हीच पोर तोंड उघडेना. डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये, नुसते डोळे दिसतायत, त्यात हातात सुई. समजावलं, रागावलो, आइस्क्रीम कबूल केलं, काही उपयोग नाही. शेवटी मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की तू दाढ काढ, मग पप्पापण त्यांची किडलेली दाढ काढून घेतील. तिने माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दाढ निघाली. आता सूज उतरली आहे. काल तिने वरणभात मागून खाल्ला आणि ते बघताना मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. माणसाने एकदा ठरवलं की मागे हटू नये, हेच खरं.

आपला आज्ञाधारक,
कुलदीप

ता.क. एक छोटंसं काम होतं. सायली शब्दाची पक्की निघाली (तुमच्यावर गेली आहे) आणि माझ्या दाढेचं काय झालं म्हणून सकाळ-संध्याकाळ विचारते. तुम्ही तिला फोन करून एवढंच सांगा, की मोठ्या माणसांच्या दाढा काढायला सध्या बंदी आहे. ती उलट काही बोलली तरी तुम्हाला ऐकू येणार नाहीच, तुम्ही आपलं बोलत राहा. मी ती सुई जवळून पाहिली आहे, मामा.

ता.क. २. तनुजाला यातलं काही कळवू नये.

ता.क. ३. आजोबा, मी सायली. फोटो मी काढते आहे, कारण पप्पांचा हलतो. तुम्ही फोन करू नका. मी डॉक्टरांना विचारलं, बंदी नाहीये. पप्पांना सोमवारी बोलावलंय. त्यांना सांगू नका, ते घाबरतील. मी त्यांचा हात धरणार आहे.