तमालपत्राच्या रंगाची खोली

४ फेब्रुवारी

माझी खोली रंगवून टाकली! मला न विचारता!

सात महिन्यांनी घरी आलो, बॅग टाकली, दार उघडलं — आत काळोख. तीन भिंती गडद, कुजकट हिरव्या. विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. चौथीसाठी रंगारी शिडीवर चढलेला. मलाच म्हणतो, ‘‘दादा, बाहेर थांबा. ओलं आहे.’’ माझ्याच खोलीतून मला बाहेर!

रंग आईने निवडला म्हणे. कार्डावर बघून नाही. मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र पर्समध्ये घालून दुकानात नेलं — ‘‘अस्सा द्या.’’ त्यांनी पान मशीनखाली धरलं नि तसाच रंग कालवून दिला. दुकानदार म्हणाला, ऑलिव्ह. आई म्हणते, तमालपत्र. म्हणजे मी आता मसाल्याच्या डब्यात झोपायचं!

५ फेब्रुवारी

बाबांना जाब विचारला. पेपरमागून आवाज आला, ‘‘मला यात ओढू नकोस, भिंगरी.’’

भिंगरी म्हणजे मी. एका जागी टिकत नाही म्हणून. कॉलेज दीड वर्षात सोडलं, नोकऱ्या चार. त्यात काय एवढं? शेवटची बोटींना डांबर लावायची होती. तिथला मुकादम स्वतःच्या कुत्र्याला ‘साहेब’ म्हणायचा नि आम्हाला ‘ए’! — जाऊ दे. मुद्दा खोलीचा आहे. माणूस कितीही भटकला तरी त्याची एक खोली जशीच्या तशी राहायला नको?

६ फेब्रुवारी

पांढऱ्या रंगाचा डबा आणला. खिडकीसमोरची भिंत मीच रंगवली. वाळल्यावर बघतो तर हिरवा खालून डोकावतोय. दुसरा हात मारला. तरी डोकावतोय!

खिडकीचं काम उरकायला आलेला रंगारी कमरेवर हात ठेवून मजा बघत होता. ‘‘गडदावर पांढरा असा चढत नाही, दादा. आधी प्रायमर मारायचा. आता भिंत आजारी दिसतेय.’’ विचारलं होतं का याला कोणी?

आई दारात आली. भिंत बघितली. फरशीवर सांडलेला पांढरा फडक्याने पुसून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

तिसरा हात. अजून डोकावतोय.

९ फेब्रुवारी

दुपारी प्रायमर घेऊन आलो तर खोलीत आईची गादी, आईचा चष्मा, कपाटात आईचे कपडे.

‘‘हे काय?’’

‘‘मी इकडे आले राहायला.’’

‘‘बाबांशी भांडलीस?’’

‘‘छे! ते घोरतात, मी वाचते. लहानपणी बहिणींच्या मधे झोपले, मग यांच्या शेजारी. मला कधी खोलीच नव्हती रे. तुला होती, तर तू राहिला नाहीस.’’

‘‘मग मी कुठे झोपू?’’

‘‘हॉलमध्ये टाकू की गादी. पाहुण्यांना टाकतो तशी.’’

पाहुणा! मी! या घरात! पुष्कळ बोलणार होतो. तोंडातून निघालं एवढंच — ‘‘उरलेला हिरवा कुठे ठेवलायस?’’

१० फेब्रुवारी

पांढऱ्यावर परत तमालपत्र. पहिल्याच हातात बसला, मेला!

११ फेब्रुवारी

सकाळी बाबा चहाचे दोन कप घेऊन आईच्या बंद दारासमोर उभे. मला बघून हळूच म्हणाले, ‘‘वाजवू का रे? की नुसती हाक मारू?’’