तापल्या अंगावर पाणी

३ मार्च
"तापल्या अंगाला गार पाणी लावशील तर तोंड वाकडं होऊन मरशील." मी लहान असताना आई म्हणाली होती. आमच्या चिनान्देगाकडे ह्याला पास्मो म्हणतात. भितात सगळेच. मीसुद्धा — इस्त्री केल्यावर अजून हात धूत नाही.

माझी लेक नोएलिया ह्या हंगामापासून ऊसतोडीच्या टोळीला पाणी पाजते. कारखान्याच्या नर्सबाईंनी शिकवून नेमलंय तिला. सावलीत बसवायचं, कुणाचं बोलणं अडखळलं तर ओळखायचं. टोळीतले बाप्ये तिला सासूबाई म्हणतात. आणखी एक ओळ तोडू द्या की, म्हणून गयावया करतात. ती हसते आणि कोयता काढून घेते.

६ मार्च
माझा नवरा एरिबेर्तो त्याच टोळीत तोडतो, पण सावलीत बसत नाही. टनावर मजुरी, म्हणतो. लेकीला म्हणे, घरात तुझ्या आईचं ऐकतो तेवढं पुरे. मला धास्ती वाटते. मागच्या हंगामात शेजारचा धडधाकट माणूस उन्हाने फडातच गेला.

९ मार्च
फडात जेवण घेऊन पोचले तर एरिबेर्तो नसलेल्या उसावर कोयता चालवत होता! मला त्याच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली आणि कोसळला. अंग तव्यासारखं.

नोएलियाने त्याला सावलीच्या ताडपत्रीखाली ओढलं, बूट-शर्ट काढले, बर्फाच्या पाण्याचं पिंप उचललं. सगळे ओरडले, मुकादम उर्बानोसुद्धा — पास्मो होईल, बापाला मारतेस काय! मीही तिचा हात धरला.

"आई, सोड. पाण्याने नाही, उशीर झाला तर मरतील बाबा."

सोडला. तिने पायापासून डोक्यापर्यंत ओतलं. मला पिंपाच्या झाकणाने वारा घालायला लावलं. मी पाणी पाजायला गेले तर अडवलं — शुद्धीवर नाहीत बाबा, ठसका लागेल. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ओतत राहिली. गाडीत त्याने विचारलं, माझी टोपी कुठाय?

माझ्याच पोटची ना ही? बघतच राहिले तिच्याकडे.

१२ मार्च
एरिबेर्तो घरी आला. तोंड सरळ आहे!

१६ मार्च
आज सगळी टोळी न सांगता सावलीत बसली. उर्बानोनेही डोक्यावर पाणी ओतून घेतलं. नोएलिया घरी येऊन नुसती हसत होती.

१९ मार्च
नोएलियाला उलट्या, पायात गोळे, लघवी लाल. नर्सबाई म्हणाल्या, मूत्रपिंडांवर येतंय. सगळ्यांना पाजते, स्वतः दिवसभर घोटभरही घेत नाही. मी विचारलं, का गं?

"एवढ्या बाप्यांत मी जाऊ कुठे, आई?"

तोडणीआधी पाचट जाळलेल्या फडात लघवीला बसायलाही आडोसा नसतो. उद्या उर्बानोकडे चार काठ्या आणि जुनी ताडपत्री मागणार आहे. एका बाईसाठी कोण देतो? नाहीच म्हणेल.