उत्तर चुकलेला भाचा

नागोया, २४ नोव्हेंबर

तीर्थरूप किनुए मावशीस,

सेइगोचा वाकून नमस्कार. (कोणता सेइगो, अशी शंका तुला येणारच. तिच्यासाठीच हे पत्र आहे, तेव्हा एवढ्यावरच पाकीट बंद करू नकोस.) समुद्रावरून येणारा थंडीचा पहिला गडगडाट तुमच्या हिमी गावात ऐकू आला असेल, बाजारात बुरी मासा दिसू लागला असेल आणि ‘अजून चरबी धरली नाही’ म्हणून तू नेहमीप्रमाणे कोळ्यांना नावं ठेवली असशील. तुझे गुडघे आणि तुझी झोप ठीक असावी अशी आशा करतो. माझा घसा आता बरा आहे. घशाचा उल्लेख मी उगाच करत नाही, कारण सगळा घोटाळा त्या घशापासूनच सुरू झाला.

मावशी, आता मन घट्ट करून वाच. ११ तारखेला दुपारी परक्या नंबरवरून, घोगऱ्या आवाजात ‘मी बोलतोय, मी!’ असं ओरडणारा माणूस ठग नव्हता. तो मी होतो. मला ठाऊक आहे की नेमकं हेच वाक्य एखाद्या ठगानेही लिहिलं असतं. गेले तेरा दिवस मी त्यावरच विचार करतोय आणि मला नीट जेवणही जात नाही.

तू नोकरीबद्दल विचारतेस आणि मी ‘संगणकाचं काम’ एवढं बोलून ताटावर बसतो. आज नीट सांगतो, कारण त्याशिवाय माझी बाजू तुला पटणार नाही. आमची कंपनी मासळीच्या शीतगृहांत बसवायची यंत्रं बनवते. ती खोलीचं तापमान मोजतात आणि तारेवरून मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, कळवतात. पण सर्व्हर कुणाचंही ऐकून घेत नाही. आधी ‘तू कोण?’ विचारतो. यंत्राने आपला पासवर्ड सरळ सांगून टाकला तर तारेला कान लावून बसलेला कुणीही तो उचलेल. म्हणून सर्व्हर एक आकडा पाठवतो, दर वेळी नवा, पूर्वी कधी न वापरलेला. यंत्राने तो आकडा आणि स्वतःजवळचं गुपित एकत्र असं बारीक कुटायचं की त्यातून गुपित पुन्हा कुणाला निवडून काढता येऊ नये, आणि तो कूट तेवढा पाठवायचा. सर्व्हरकडेही तेच गुपित असतं. तो आपल्या घरी तसंच कुटून बघतो आणि दोन्ही कूट जुळले तर दार उघडतो. गुपित घराबाहेर पडतच नाही. यातला यंत्राच्या बाजूचा, म्हणजे प्रश्न ऐकून उत्तर देणारा भाग मी लिहिला. (आमचे विभागप्रमुख ओगुशीसाहेब म्हणतात, लिहिला नाही, सांडला.)

माझी घाई तुला माहीत आहे. तार तुटून पुन्हा जुळली की नवा आकडा येईपर्यंत यंत्राने गप्प बसायचं असतं. मी मात्र वेळ वाचावा म्हणून मागचं उत्तर त्याच्या खिशात ठेवून दिलं होतं. चाचणीच्या वेळी तार कधी तुटलीच नाही, त्यामुळे सगळे खूश होते. १० तारखेला बंदरावर वीज क्षणभर गेली आणि आली. बेचाळीस खोल्यांतली बेचाळीस यंत्रं एकदम जागी झाली, सर्व्हरने सगळ्यांना नवे प्रश्न विचारले आणि सगळ्यांनी छाती फुगवून जुनीच उत्तरं दिली. तीन उत्तरं चुकली की सर्व्हर तासभर दार लावून घेतो. मग काय, उणे पंचवीसच्या खोल्यांत माणसं पाठवून हाताने तापमान बघावं लागलं. त्या माणसांत मी होतो. दोन तास स्क्विडच्या खोक्यांमध्ये काढल्यावर माझा आवाज जो गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही माफी मागायला निघालो. ओगुशीसाहेबांनी योकान मिठाईचा चांगला जड डबा बरोबर घेतला होता. (डबा किती जड, यावरून समोरच्याला चूक केवढी ते कळतं, असं त्यांचं मत आहे. या वेळी त्यांना तो दोन्ही हातांनी धरावा लागला.) वाटेत मला फोन आला. फोनवर तुझ्या शेजारच्या याचुझुका काकू होत्या आणि त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला आधी वाटलं फोन बिघडला. ‘सेइगो, माझं नाव सांगू नकोस हं. तुझ्या मावशीच्या आतड्यात गाठ आहे. नऊ डिसेंबरला कापायचंय. हॉस्पिटलच्या फॉर्मवर घरच्या माणसाचं नाव लिहायची जागा आहे ना, ती तिने कोरी ठेवलीय. मी म्हटलं सेइगोचं लिही, तर मलाच ओरडली, त्याला कामं असतात म्हणे.’

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शीतगृहाच्या मालकांसमोर मी जेवढा वाकू शकतो त्याहून जास्त वाकलो आणि वरच्या खिशातला फोन सरळ बर्फाच्या टबात गेला. मालकांना बहुधा तोही माफीचाच भाग वाटला. मी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि तुला लावला. तू म्हणालीस, ‘कोण मी?’ मी म्हणालो, ‘अगं मी! घसा बसलाय. माझा फोन पाण्यात पडला म्हणून दुसऱ्यांच्या फोनवरून बोलतोय. ऑफिसात मोठा घोटाळा झालाय, साहेब शेजारीच उभे आहेत, पण ते राहू दे.’ त्यावर तू कधी नव्हे इतक्या गोड आवाजात विचारलंस, ‘किती हवेत, बाळा?’ (तीस वर्षांत तू मला बाळा म्हणाली नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.) मी ओरडलो, ‘पैसे नकोत गं! नऊ तारखेला किती वाजता नेणार आणि फॉर्मवर कुणाचं नाव आहे तेवढं सांग. आणि याचुझुका काकूंना यातलं काही बोलू नकोस.’

तुमच्या समाजमंदिरात पोलिसांनी ठगाची लक्षणं सांगणारा जो कागद वाटला, तो काकूंनी मला नंतर पाठवला. सर्दीने आवाज बदललाय म्हणतो. नंबर परका असतो. फोन हरवला किंवा भिजला म्हणतो. ऑफिसात संकट, साहेब शेजारी. कुणाला सांगू नका म्हणतो. मावशी, पाचपैकी पाच! खऱ्या ठगालाही एका दमात हे जमलं नसतं.

आणि मग तू म्हणालीस, ‘थांब, एक प्रश्न विचारते.’ तू पूर्ण बोलायच्या आत मी किंचाळलो, ‘हातोकिची!’ ते माझ्या लहानपणच्या कासवाचं नाव आणि नववर्षाला तू फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. तू शांतपणे म्हणालीस, ‘मेल्या, मी अजून विचारलंच नाही.’ बघ, जी चूक माझ्या बेचाळीस यंत्रांनी केली तीच मी चोवीस तासांच्या आत स्वतः केली. प्रोग्राम आपल्या लिहिणाऱ्यावर जातो, असं ओगुशीसाहेब म्हणाले तेव्हा मला राग आला होता. मग तू खरा प्रश्न विचारलास: ‘ऑगस्टात ओबोनच्या सणाला आलेला माझा भाचा जाताना काय विसरून गेला?’ मी म्हणालो छत्री. मग म्हणालो चार्जर. मग, देवाशपथ, मी म्हणालो टॉवेल. आणि तू फोन आपटलास. पोलिसांच्या वर्गात तुला कुणी हे शिकवलं असेल असं वाटत नाही, पण दर वेळी नवा प्रश्न आणि तीन चुकांनंतर दार बंद, असा नेमका सर्व्हर बनवायला आमच्या कंपनीला चार वर्षं लागली.

फोन मी नवा घेतला, नंबर जुनाच आहे. पण तुझ्या फोनचं यंत्र हल्ली सगळ्यांनाच सांगतं की संभाषण नोंदलं जातंय, आधी ओबोनला काय विसरलं ते सांगा. (काकू म्हणतात, गॅसवाला आता फोन न करता थेट दारात येतो.) मी नऊ वेळा ते ऐकलं आणि नऊ वेळा गप्प राहिलो. बंदरावरच्या माझ्या यंत्रांनी नेमकं असंच गप्प राहायला हवं होतं, पण मला त्याचा काही उपयोग नाही.

परवा काकूंनी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. ‘शहात्तर वर्षांच्या महिलेने ठगाला पिटाळलं.’ ठाणेदारांच्या हातून मानपत्र घेताना तुझा फोटो आहे आणि खाली ठगाचं वर्णन आहे: तरुण, उतावळा, बहुधा अशिक्षित. मी आधी हसलो. मग फोटो पुन्हा बघितला. तुझ्या अंगरख्याची कॉलर गळ्यापासून दोन बोटं लांब उभी आहे. तू केवढी बारीक झालीस गं! मी ऑगस्टमध्ये चार दिवस तुझ्यासमोर बसून जेवलो आणि मला ते दिसलं नाही.

आता या पत्रातून मी मीच आहे हे कसं पटवू? मी एक यादी केली होती. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि तू मला घेऊन आलीस, तेव्हा पहिले तीन महिने मी न्हाणीघरात झोपायचो. तुझ्या डाव्या टाचेवर भाजल्याची खूण आहे. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की हे पत्र पोस्टमनच्या हातात पडलं तर ही सगळी उत्तरं वाया गेली. उद्या कुणीही तुला टाचेवरून गंडवेल. तेव्हा वाचून झालं की जाळून टाक. (केरोसिनच्या शेगडीत नको, वास येतो.) कुटून पाठवावं म्हटलं, तर त्यासाठी दोघांनी आधी एक गुपित ठरवलेलं असावं लागतं. आपण तीस वर्षांत काहीच ठरवलं नाही. तू मासा समुद्रशेवाळात गुंडाळून पाठवतेस, मी ‘मिळाला’ एवढं कळवतो.

ओबोनला मी काय विसरलो, मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की मी चारही दिवस हाच दळभद्री प्रोग्राम मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तू तीनदा ‘अरे सेइगो’ म्हणून थांबलीस. तीनदा मी ‘एक मिनिट’ म्हणालो. तेच जर उत्तर असेल, तर ते मला माहीत आहे आणि मला त्याची फार लाज वाटते.

याहून जास्त लिहवत नाही. थंडीत बाहेर पडताना कान झाक.

तुझा (तपासून घे),
सेइगो

ता. क. फॉर्मवरच्या त्या कोऱ्या जागेत माझं नाव लिही. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा. मानपत्र परत करू नकोस आणि ठाण्यावर जाऊन काही कबूलही करू नकोस. ठग पळाला तो पळाला. ओगुशीसाहेबांनाही मी तसंच सांगितलंय आणि ते म्हणाले की वर्णन तंतोतंत जुळतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुझं कार्ड आलं. ‘मी ठणठणीत आहे. तुझं नाव सांगून एका ठगाने फोन केला होता, बिचाऱ्याला काहीच येत नव्हतं. नववर्षाला ये, त्याआधी रजा घालवू नकोस.’ हल्ली आमच्याकडे यंत्रही सर्व्हरला उलटा प्रश्न विचारतं, कारण तोही खोटा असू शकतो. मी तुला ‘कशी आहेस’ म्हणून विचारलं असतं आणि हे उत्तर आलं असतं, तर मी दार लावून घेतलं असतं. हे कार्ड लिहिणारी बाई माझी मावशी आहे यावर माझा विश्वास नाही.

ता. क. चौथा. मी आठ डिसेंबरला दुपारी पावणेतीनच्या गाडीने येतोय. दार उघडू नकोस, आतूनच काय ते विचार. मी पुन्हा चुकेन, मला खात्री आहे. पण ठग चुकला की निघून जातो, मावशी. मी जाणार नाही.