कारंज्यात पाय

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? गुडघ्यामुळे इस्पितळातल्या कारंज्याच्या उद्घाटनाला येणार नाहीस असं कळवलं होतंस. आली नाहीस ते बरंच झालं. पेपरातला फोटो पाहिलाच असशील. माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य संपतंय तोच मागून कुणीतरी तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. त्याबरोबर सगळं अंगण हुर्यो करायला लागलं. का कोण जाणे, मी दोन पावलं पुढे गेलो आणि उजवा पाय घोट्याच्या वर कारंज्यात गेला. विरोधकांनी त्या फोटोचे हे एवढाले फलक लावलेत. तुझी भावजयसुद्धा माझा बूट वाळत घालताना तोंड फिरवून हसत होती.

शिट्टी मारणारा सापडला. इस्पितळाचाच लिफ्टमन निघाला. आवाज आला त्या खांबापाशी उभा होता. मंत्र्यांचा अपमान केला म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला घरी बसवलं. मी तसं सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. माणूस आवडत नसेल तर मत देऊ नका, पत्र लिहा, मोर्चा काढा. चारचौघांत हुर्यो उडवणं ही कुठली रीत? तू त्याच इस्पितळात तीस वर्षं मेट्रन होतीस, शिस्त तुला कळते. तुझं मत कळव.

तुझा रागही चालेल, लोभ मात्र आहे तसाच ठेव.

तुझा,
गुंड्या

ता. ८ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

गुडघा ठणठणीत आहे. मी आले होते. शिट्टी मी मारली.

आता खुर्चीत नीट टेकून बस आणि पुढचं वाच. पत्र लिहा म्हणतोस? चार लिहिली. घरी नाही, भावाकडे वशिला नको म्हणून रीतसर तुझ्या कार्यालयात. दोन वर्षं लिफ्ट बंद आहे, ऑपरेशनं चौथ्या मजल्यावर होतात, आणि लिफ्टमन बिचारा तिघांना जोडीला घेऊन रुग्णांना खुर्चीतून जिन्यानं वर नेतो, असं सगळं सविस्तर लिहिलं. चारही वेळा तुझ्या फोटोचं छापील कार्ड आलं, शुभेच्छांबद्दल आभार. चारही कार्डांवर तू अगदी एकसारखा हसतोयस. त्यावर लिफ्टच्या जागी कारंजं दिलंस आणि भाषणाची सुरुवात काय केलीस, तर या इस्पितळाला आता कशाचीच उणीव नाही! माझी बोटं आपोआप तोंडात गेली.

हुर्यो उडवल्याची मला लाज नाही. कुणाच्या मयताला उडवू नये, लग्नाकार्यात उडवू नये, माणसाच्या व्यंगावर तर कधीच उडवू नये. पण ज्याला चार पत्रं ऐकू आली नाहीत त्याला पाचवं जरा मोठ्यानं वाचून दाखवलं, तर काय बिघडलं?

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पोलीस वळले तशी मी, वय वर्षं अडुसष्ट, खांबामागे वाकून चपलेचा पट्टा लावायचं नाटक केलं आणि मागच्या फाटकानं घरी आले. माझ्यापायी लिफ्टमनची नोकरी गेली हे मला तुझ्या पत्रातून कळतंय. अरे, त्याला पुढचे दात नाहीत! तो शिट्टी कसली मारतोय, त्याला मेणबत्तीसुद्धा धड विझवता येत नाही. उद्या सकाळीच अधिकाऱ्यांकडे लेखी कबुली देते.

आशीर्वाद आहेतच, कानही पिळायचा आहे.

तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेखी काही देऊ नकोस, हात जोडतो. मंत्र्याची सख्खी बहीणच त्याची हुर्यो उडवते हे बाहेर फुटलं, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लिफ्टमनला मी महिन्याभरात गुपचूप कामावर घेतो. मग झालं ना?

पत्र इथेच संपवणार होतो. पण तुझी भावजय खांद्यावरून वाचत होती. तिनं विचारलं, की आवाज खरंच ओळखला नव्हता का. जेवण झालं तरी तेच विचारत राहिली.

ओळखला होता, ताई. लहानपणी मी बाजारात चुकलो की तू तीच शिट्टी मारायचीस आणि मी असेन तिथून पळत यायचो. परवा पाय त्याच सवयीनं पुढे पडला. लिफ्टमनला धरून नेलं तेव्हा तो नव्हे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी बूट काढून पाणी निपटत बसलो. तू चपलेच्या पट्ट्याशी वाकलीस, मी बुटाच्या नाडीशी. माझी मला शरम वाटते. शनिवारी त्याच्या नेमणुकीचं पत्र घेऊन स्वतः इस्पितळात येतो.

चुकलेल्याला पदरात घेशीलच.

तुझा,
गुंड्या

ता. १८ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

माझी कबुली नऊ तारखेलाच देऊन झाली होती. अधिकाऱ्यांनी ती वाचली, मला पाणी दिलं आणि रक्तदाब तपासून घ्या म्हणाले.

शनिवारी मी चौथ्या मजल्यावर कठड्याशी उभी होते. लिफ्टमन घरी असेल असं तुला वाटलं होतं. घरी कसला बसतो? तिघांना खुर्ची उचलत नाही म्हणून तो रोज येतच होता. त्या दिवशी तिघांतला एक आला नव्हता आणि तू नेमका जिन्याशी उभा सापडलास. खुर्चीतल्या बाईंनी तुला ओळखलं नाही. नवा माणूस फार कच्चा आहे, खुर्ची तिरकी धरतो, अशी तुझी तक्रार त्यांनी माझ्याकडे केली. फोटोग्राफर नव्हता, त्यामुळे मला दुप्पट बरं वाटलं.

वर आल्यावर धापा टाकत, सगळ्यांसमोर, शिट्टी माझ्या ताईची होती आणि मला ते माहीत होतं, असं बोललास. त्यावर त्या खुर्चीतल्या बाईंनीच पहिली हुर्यो केली. लिफ्टमननं पत्र कपाळाला लावलं आणि त्यालाही शिट्टी मारायची होती, पण दातांअभावी नुसती फुंकर निघाली. माझी बोटं ओठांपर्यंत गेली होती. तुझा लालबुंद चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला. खरं सांगते, मला तुझा अभिमान वाटला.

लिफ्टसाठी पाचवं पत्र काल तुझ्या कार्यालयात टाकलंय. उत्तरात पुन्हा तूच हसताना दिसलास, तर बोटं धुऊन ठेवली आहेत.

लोभ वाढवायचा की नाही, ते लिफ्ट सुरू झाली की ठरवू.

तुझी,
ताई