सुलतानची ओ

रहिमतपूर, शुक्रवार, १९४५

बिबट्या नावाला ओ देतो की आबासाहेबांच्या हातातल्या मटणाला? मला खरंच सांगता येत नाही. 'सुलतान' म्हटलं की तो पिंजऱ्यात उठून उभा राहतो, एवढं खरं.

आबासाहेब बोलायला मोठे गोड. आपल्या प्राणिबागेतल्या गड्यांच्या पोरांसाठी शाळा काढतो म्हणाले, म्हणून तर मी गेले. आज शाळा सुरू झाली. नवा प्राणी आला की त्याचं नाव ठेवून वाटतात तशीच त्यांनी पाहुण्यांना साखर वाटली आणि म्हणाले, "आजपासून या आमच्या विद्याबाई." टाळ्या पडल्या. मीही हसले. का हसले?

पिंजरे झाडणाऱ्या हौसाला विचारलं, तुझं नाव तरी खरं ना?

"न्हाई बाई, मालकांनीच ठेवलंय. आदी लय राग यायचा. पर ओ दिली की भाकरी मिळती, सुलतानावानी. तुमी बी द्या की!" आणि खदाखदा हसली.

दादांना, माझ्या वडिलांना, वाचता येत नाही. माझ्या पदवीच्या कागदावर 'यमुना' हे माझं नाव कुठे लिहिलंय, ते त्यांनी बोट ठेवून पाहिलं होतं.

निघताना आबासाहेबांना म्हटलं, मी शिकवीन ते यमुना म्हणूनच. ते हसले. "इथं नाव मीच ठेवतो, पोरी."

पोरांनी नव्या पाट्या छातीशी धरल्या होत्या, तेच डोळ्यांपुढे येतंय.

फाटकापाशी पोचले तर मागून आबासाहेबांची हाक आली, "विद्याबाई, उद्या लवकर या!" ओ अगदी ओठांवर आली होती. दिली नाही. सकाळी त्यांनी दिलेली शाळेची किल्ली फाटकाच्या कडीला अडकवली आणि घरी आले.