वेशीपाशी वाकताना

बाबा, सप्रेम जयभीम.

उद्या भीमजयंतीची मिरवणूक. तुम्ही गेल्यावरची पहिली. निळा झेंडा घेऊन पुढं मी चालावं, असं सगळ्यांनी ठरवलंय. "निवृत्तीभाऊची लेक हाय, ती कशाला भिईल?" म्हणतात.

मागं एकदा वेशीपाशीच आपल्यावर दगड आले होते. तुमच्या कपाळाला खोक पडली, तरी झेंडा खाली आला नाही. त्यानंतर दरवर्षी तुम्ही वेशीपाशी थांबायचात आणि वाकून चपलेचा पट्टा आवळायचात. तुमचं बघून मागचे सगळे वाकायला लागले. आता ती रीतच झालीय. लहान लेकरंसुद्धा वेस आली की वाकतात.

आज आईला म्हणलं, "मला लई भ्या वाटतंय."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यान्ला बी वाटायचं. वेशीपाशी पाय लटलट कापायचे. कुणाला दिसू न्हाई म्हणून वाकायचे."

बाबा, माझ्या चपलेला आवळायचा पट्टाच नाही. तरी मी उद्या वाकणार आहे. वाकल्यावर परत उठायचं कसं, तेवढं मात्र तुम्ही आईलाही सांगितलं नाहीत.

तुमची भेदरलेली लेक,
धम्मप्रिया