पुसलं तरी जागा सुटेना

श्री. मेहुणेबुवा यांस सप्रेम नमस्कार. सासूबाईंचा गुडघा आणि तुमचा खोकला आता बरा असावा. आमचीही प्रकृती उत्तम होती, तुम्ही आमच्या कॉम्प्युटरवर ती फुकटातली ऑपरेटिंग प्रणाली घालून गेलात तोवर. तुमचा फोन लागत नाही, म्हणून माझ्या फोनवरून एका बोटाने हे पत्र लिहितोय.

सासूबाईंना आता वाचता येत नाही म्हणून तुमची ताई त्यांची आवडती कादंबरी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतेय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (त्या वेळी कुकर, दाराची बेल आणि मी, तिघांनाही आवाज काढायला बंदी.) आज शेवटचं प्रकरण ऐन रंगात आलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क भरली. ताईने रेकॉर्डिंग तसंच थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी संसारात कधी नाही म्हटलेलं नाही. मग आज्ञा टाईप करायची तुमची ती काळी खिडकी उघडली. डिस्क किती भरली ते सांगणारा डीएफ टाईप केल्यावर ती शंभर टक्के भरल्याचं कळलं, जे मला आधीच कळलं होतं. त्यानंतर डीयू, म्हणजे कुठे किती जागा अडली ते सांगणारा. हा बरा निघाला. त्याने कोपऱ्यातल्या फोल्डरात दडलेली एक अगडबंब फाईल दाखवली. नाव ना गाव, नुसते आकडे. मी तिला एका ओळीत पुसून हाकललं. (तुमची प्रणाली 'नक्की ना?' असंही विचारत नाही. आमच्याकडे चहात साखर घालण्याआधी तीनदा विचारतात.)

पुन्हा डीयू: फाईल गायब. पुन्हा डीएफ. शंभर टक्के! एक म्हणतो पाहुणे गेले, दुसरा म्हणतो खोली रिकामी नाही. डिस्कच आजारी असेल म्हणून तिची तब्येत तपासणारी आज्ञा दिली, तर पासवर्ड मागितला. टाईप करावं तर अक्षर सोडा, ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे कीबोर्ड गेला असं समजून मी तो उलटा करून झटकला. शेवटी निकाल आला: डिस्क पास, अगदी ठणठणीत. आता माझंच रक्त तपासून घ्यायची वेळ आली आहे. तेव्हा ही जागा कशी सोडवायची ते ताबडतोब कळवा.

तुमचे वैतागलेले
भावोजी

ता. क. मदतीच्या पानावर आत्ता वाचलं, की पुसलेली फाईल एखाद्या चालू प्रोग्रॅमने धरून ठेवली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. शोधलं. धरून बसलाय तो ताईचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. ती फाईल म्हणजे सासूबाईंची कादंबरी, पहिल्या प्रकरणापासून सगळी एकत्र. (तुमची ताई बोलताना मध्ये थांबत नाही, तशी वाचतानाही नाही.) वरची तक्रार मी मागे घेतो. जागा अजिबात सोडवायची नाही.

आणखी ता. क. असाल तसे निघून या. प्रोग्रॅम उघडा आहे तोवर फाईल परत मिळू शकते असं तिथेच लिहिलंय, पण मी आता त्या कॉम्प्युटरला बोटही लावणार नाही. ताईला यातलं काही ठाऊक नाही. तिने आत्ताच स्वयंपाकघरातून विचारलं, "झाली का जागा?" मी म्हटलं, "नाही, देवाच्या कृपेने." त्यावर ती म्हणाली, "मग सरका जरा, मी बंद करून पुन्हा चालू करून बघते."